हुम्मेल हुम्मेल! मॉर्स मॉर्स! – हॅम्बुर्गच्या चिडक्या पाणक्याची गोष्ट

एल्बेकाठचा

सप्टेंबरात ऑफिसातल्या चौघांबरोबर ऑस्ट्रियात डोंगर चढायला गेलो होतो. वर एका लाकडी घरात सूप-पाव मिळतो, तिथे टेकलो. आमच्यातल्या साठीच्या काकांच्या डोक्यावर हॅम्बुर्गच्या फुटबॉल क्लबाची टोपी होती. पलीकडच्या टेबलावरून एक अनोळखी बाई एकदम ओरडली, "हुम्मेल हुम्मेल!" काकांनी मानही वर केली नाही. तोंडातला चमचा काढला, "मॉर्स मॉर्स!" म्हणाले आणि चमचा परत तोंडात. बाई हसली, काका हसले, विषय संपला. ना ओळख ना पाळख.

उतरताना अर्थ विचारला. हुम्मेल म्हणजे भुंगा. आणि मॉर्स? काकांनी उत्तर न देता आपल्या बसायच्या जागेवर थाप मारून दाखवली.

सात वर्षं जर्मनीतल्या या हॅम्बुर्ग शहरात काढून मला हे ठाऊक नव्हतं याची लाज वाटली, म्हणून परतल्यावर जमेल तसं वाचलं. सापडलं ते मांडतो.

माणसाचं खरं नाव योहान विल्हेल्म बेंत्स. जन्म १७८७, मृत्यू १५ मार्च १८५४. धंदा पाणक्याचा. तेव्हा हॅम्बुर्गात घरोघरी नळ नव्हते. कालव्यांचं पाणी प्यायच्या लायकीचं नव्हतं, त्यामुळे चांगलं पाणी सार्वजनिक कारंज्या-विहिरींवरून आणून विकणारी माणसं होती. खांद्यावर लाकडी जू, दोन्ही बाजूंना एकेक बादली. बेंत्स अंगाने वाळका, चेहरा कायम आंबलेला, डोक्यावर उंच काळी हॅट. पोरांना आणखी काय हवं?

पण "हुम्मेल" हे त्याचं नाव नव्हतंच. तो राहायचा ग्रोसे द्रेबान नावाच्या गल्लीत, ३६ नंबरच्या घरात. त्याच घरात त्याच्या आधी दानिएल ख्रिस्तियान हुम्मेल नावाचा शहर-शिपाई राहत होता. तो मोठा गप्पिष्ट, पोरांना लढायांच्या गोष्टी सांगायचा. पोरं त्याच्या मागे "हुम्मेल, हुम्मेल" करत फिरायची. पुढे तो गेला आणि जागेत बेंत्स आला. पोरांनी हाक बदलली नाही, फक्त तिच्यातली माया काढून घेतली.

आणि बेंत्स काय करणार? दोन्ही हात गुंतलेले. पाठलाग करावा तर पाणी सांडणार, पाणी सांडलं तर पैसे गेले. उरलं तोंड. म्हणून तो खेकसायचा, "मॉर्स, मॉर्स!" हे "क्लाय मी आन मॉर्स"चं आखूड रूप. इथल्या प्लाटड्यूच बोलीत त्याचा अर्थ, सभ्यपणे सांगायचं तर, "माझं ढुंगण खाजव जा".

आज हीच शिवी शहराची ओळख आहे. मैदानावर गोल झाला की ओरडतात, परगावी हॅम्बुर्गकर भेटला की ओरडतात. तुमच्या गावात असं कोणी होतं का?

मोगरा_सदाशिव

मस्त लिहिलंय! "हाक बदलली नाही, फक्त माया काढून घेतली" हे फार आवडलं.

आमच्या लहानपणी पेठेत एक आजोबा होते. त्यांना "आजोबा, किती वाजले?" विचारलं की ते छत्री उगारून धावायचे. आम्हा पोरांना त्यात इतकी मजा यायची की घरात दोन दोन घड्याळं असताना आम्ही त्यांनाच विचारायला जायचो. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं की मुलाच्या आजारपणात त्यांनी हातातलं घड्याळ विकलं होतं. ते कळल्यावर त्या रस्त्याने जायला मला नको वाटायचं.

नस्ती_उठाठेव

म्हणजे नाव पागडीवर मिळालं! जागा घ्या, सोबत आधीच्या भाडेकरूची कीर्ती फुकट.

खवट_खोबरं

धागा छान, पण मला यात "मस्त" काही दिसेना. एक गरीब हमाल, त्याला गावभरची कार्टी रोज छळतात, तो वैतागून शिवी घालतो, आणि दीडशे वर्षांनी पोटं भरलेली माणसं तीच शिवी स्टेडियममध्ये कोरसात म्हणतात. त्याच्या वैतागाचं यांनी बोधचिन्ह केलं. तुमचे ते सूप पिणारे काका पोरांच्या बाजूचे की बेंत्सच्या?

एल्बेकाठचा

@खवट, हा प्रश्न मलाही पडला. मला वाटतं काका बेंत्सच्या बाजूचे. नीट बघा, हाक मारणारा पोरांचा संवाद म्हणतो आणि खरा हॅम्बुर्गकर ठरतो तो उत्तर देणारा. म्हणजे शहराने स्वतःला बेंत्सच्या जागी उभं केलंय. "आम्ही कामात आहोत, हात गुंतलेत, तुम्ही जा खड्ड्यात." बंदराच्या गावाला शोभतं हे.

पण तुम्ही म्हणता ते खोडता येत नाही. तो मेला तो गरिबांच्या आश्रयगृहात. तेव्हा त्याला कोणी "शहराची शान" वगैरे म्हणायला गेलं असेल असं वाटत नाही.

हापूस_फ्रॉम_हॅम्बुर्ग

वीस वर्षं इथे आहे, म्हणून एक खडा टाकतो. रोजच्या जगण्यात हॅम्बुर्गात कोणीही "हुम्मेल हुम्मेल" म्हणत नाही. इथे सकाळ-दुपार-रात्र फक्त "मॉईन". दोनदा "मॉईन मॉईन" म्हटलंत तर तुम्ही बडबडे ठरता. हुम्मेलची हाक गावाबाहेरच जास्त ऐकू येते, आपण अमेरिकेतल्या विमानतळावर मराठी ऐकून वळतो तशी. आता नवे आलेले लोक उत्साहाने बेकरीत जाऊन "मॉर्स मॉर्स" करतील म्हणून आधीच सांगून ठेवतो. पाववाली बाई पाव देणार नाही.

बाकी ही हाक पसरवण्याचं श्रेय पलटणीला देतात. हॅम्बुर्गची ७६ वी पायदळ पलटण १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या लढाईत होती. आपला माणूस ओळखायला तिथे हा सवाल-जवाब चालायचा म्हणतात.

कावडवाला

पाण्याचा विषय निघाला म्हणून राहवेना. आमच्या आजोळी, कऱ्हाडजवळ, आजोबांनी तरुणपणी कावडीने पाणी वाहिलंय. तुम्ही "जू" म्हणालात ते आणि आपली कावड यांत मोठा फरक आहे. आपली कावड म्हणजे एक लवचिक बांबू, एका खांद्यावर आडवा. चालताना तो लचकतो आणि चालीला ठेका येतो. खांदा दुखला की चालता चालताच मानेमागून फिरवून दुसऱ्या खांद्यावर घेता येतो. युरोपातलं जू दोन्ही खांद्यांवर बसतं, मानेसाठी मधे खोबण कोरलेली असते. लाकूड कडक, लचक नाही. बादल्या साखळ्यांना लोंबतात आणि झोके खायला लागतात म्हणून त्या दोन्ही हातांनी धरून ठेवाव्या लागतात. शिवाय मागचं कोण ओरडलं ते बघायला नुसती मान वळवून भागत नाही, बादल्यांसकट अख्खा माणूस वळवावा लागतो. म्हणजे बेंत्सला पोरं दिसतसुद्धा नसणार. तो हवेलाच शिव्या देत होता!

हिंदकळू नये म्हणून आजोबा घागरीत लिंबाचा डहाळा टाकायचे.

एल्बेकाठचा

@कावडवाला, दंडवत! ही खोबण मी पुतळ्यांच्या फोटोत दहादा पाहिली असेन, पण मान वळत नाही हे डोक्यातच आलं नव्हतं.

नस्ती_उठाठेव

भाषांतर स्पर्धा लावू या का? "मॉर्स मॉर्स"ला मराठी प्रतिशब्द सुचवा. दोन अक्षरी हवा, दोनदा म्हणता यायला हवा, आणि ओझं घेऊन धापा टाकताना निघायला हवा. माझ्याकडून: "बोंबल, बोंबल!"

मोगरा_सदाशिव

"उडत, उडत!" (गेलास उडत मधलं.)

मालवणी_मिरी

आमच्याकडे जो शब्द आहे तो लिहिला तर संपादक धागा उडवतील. पण धापा टाकताना अगदी सहज निघतो याची खात्री देते.

डॉक्टर_हवापालट

वाचतोय, छान चाललंय. पण पाणक्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. तिथे गोष्ट खरी सुरू होते.

मे १८४२ मध्ये हॅम्बुर्ग पेटलं. डाइखश्ट्रासं नावाच्या गल्लीत सुरुवात झाली आणि ५ ते ८ मे असे चार दिवस आग चालली. जुन्या शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, ५१ माणसं मेली, वीस हजारांच्या आसपास लोक उघड्यावर आले. पुन्हा बांधणीसाठी नगराने विल्यम लिंडली नावाच्या इंग्रज अभियंत्याला धरलं. तो इथे रेल्वेच्या कामासाठी आलेलाच होता. त्याने भुयारी गटारं बांधली, आणि १८४८ मध्ये रोटेनबुर्ग्सोर्ट इथून वाफेच्या पंपांनी एल्बे नदीचं पाणी नळांतून शहरात खेळवलं. इकडे आपल्या मुंबईला विहार तलावाचं पाणी मिळायला १८६० उजाडलं, म्हणजे त्या काळाच्या मानाने हॅम्बुर्ग पुष्कळ पुढे होतं.

बेंत्स तेव्हा एकसष्ट वर्षांचा. नळ आला आणि पाणक्या संपला. आश्रयगृहात तो का पोचला, याचं निदान मी तरी असंच करीन.

आता यातला विनोद (काळा) बघा. लिंडलीचं पाणी न गाळता येत होतं. साठवून गाळ बसू द्यायचा, बस्स. शेजारचं आल्टोना, जे तेव्हा वेगळं शहर होतं, तेही एल्बेचंच पाणी उपसत होतं आणि तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळल्यावर. पण ते पाणी वाळूतून गाळत. हॅम्बुर्गात गाळणीचा खर्च परवडतो का यावर वर्षानुवर्षं खल झाला. अखेर काम सुरू झालं, पण ते पुरं व्हायच्या आत १८९२ चा ऑगस्ट आला. पटकी, म्हणजे कॉलरा. काही आठवड्यांत हॅम्बुर्गात साडेआठ हजारांहून जास्त माणसं मेली, आल्टोनात त्या मानाने अगदी थोडी. शुल्टरब्लाट नावाच्या रस्त्यावरून दोन्ही शहरांची हद्द जायची. तिथे हॅम्बुर्गच्या हद्दीतली एक चाळ योगायोगाने आल्टोनाच्या नळावर होती. तिथे पटकी शिरली नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रयोग शोधून सापडायचा नाही.

खवट_खोबरं

म्हणजे बेंत्सच्या बादलीतलं पाणी बरं होतं?

डॉक्टर_हवापालट

नाही हो. पटकी १८३० च्या दशकातही येऊन गेली होती, बादल्यांच्या काळातच. विहिरीला संडास पाझरला की विहीर गेली. फरक एवढाच की वाईट बादलीने एक गल्ली मरते आणि वाईट नळाने शहर.

जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तेव्हा बर्लिनहून धावत आला. ज्या दाट गल्ल्यांच्या वस्तीत बेंत्स पाणी वाहायचा त्या गँगं-फीर्टेल भागात त्याला फिरवलं. तो सोबतच्या लोकांना म्हणाला, सद्गृहस्थहो, मी युरोपात आहे हे विसरायला होतंय. हे वाक्य आपल्याला जरा बोचतं, कारण "युरोपात नाही" म्हणजे कुठे? हा माणूस त्याआधी ईजिप्त आणि कलकत्ता बघून आला होता. पटकीचा जंतू त्याने कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात दाखवला होता १८८४ मध्ये. तेच दृश्य श्रीमंत हॅम्बुर्गात निघालं.

१८९३ मध्ये काल्टहोफं बेटावर वाळूच्या गाळण्या सुरू झाल्या. आता तिथे संग्रहालय आहे. मी गेलोय. गाळणीच्या तळ्यांवर बदकं पोहतात.

हापूस_फ्रॉम_हॅम्बुर्ग

डॉक्टर, कमाल प्रतिसाद. मी काल्टहोफंला तीनदा सायकलने गेलोय, केक खाऊन परत आलोय.

ओळंबा

आर्किटेक्ट आहे, श्टुटगार्टला. पुतळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आणि हे वाचून मजा किरकिरी झाली तर माफ करा.

हुम्मेलचं कारंजं राडेमाखरगांग नावाच्या गल्लीत आहे, १९३८ चं. साल बघा. ती सगळी गल्लीच नवी. जुनी दाटीवाटीची घरं नाझी राजवटीत पाडली आणि लाल विटांच्या नीटस इमारती उभ्या केल्या. आरोग्याचं कारण खरंच होतं, पण ती वस्ती कामगारांची होती आणि कम्युनिस्टांचा बालेकिल्ला मानली जायची. लोक हलवले, आणि मोकळ्या झालेल्या जागी "आपला जुना प्रेमळ हॅम्बुर्ग" म्हणून दगडी पाणक्या बसवला. ज्यांच्या घरी त्याने पाणी भरलं असतं तशी माणसं तिथे उरली नव्हती.

शिल्पकार रिखार्ड कुओल. याच कुओलने दोन वर्षं आधी, १९३६ मध्ये, दामटोर स्टेशनजवळ युद्धस्मारक केलं. भला मोठा दगडी ठोकळा आणि त्याच्याभोवती रांगेने चालणारे सैनिक, सगळ्यांचे चेहरे सारखे. कुठल्या पलटणीचं स्मारक? ७६ वी. वर हापूस यांनी लिहिलीय तीच.

म्हणजे एकाच माणसाने ती हाक ज्याच्यावरून निघाली त्यालाही घडवलं आणि ज्यांनी ती पसरवली त्यांनाही. ठोकळ्यावरून हॅम्बुर्गात अजून भांडणं होतात. तो पाडायचा नाही म्हणून १९८० च्या दशकात शेजारी आल्फ्रेड ह्रडलिच्काचं युद्धविरोधी स्मारक उभारायला घेतलं, तेही पुरं झालं नाही. हुम्मेलच्या कारंज्यावरून मात्र कोणी भांडत नाही.

एल्बेकाठचा

@ओळंबा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. दामटोरच्या त्या ठोकळ्यासमोरून मी रोज बस पकडतो.

मोगरा_सदाशिव

पाडलेल्या चाळीच्या जागी चाळीतल्याच माणसाचा पुतळा. गिरणगावात राहिलेल्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

मालवणी_मिरी

या सगळ्यात बाई एकही नाही का? की शहराला वेडे फक्त पुरुषच लागतात?

एल्बेकाठचा

आहे ना! त्सित्रोनेन-येट्टं, म्हणजे लिंबूवाली येट्टं. खरं नाव योहान्नं हेन्रिएट्टं मारी म्युलर, जन्म १८४१. उंची फक्त १ मीटर ३२ सेंटिमीटर. दिवसा रस्त्यावर आणि रात्री गुत्त्यांमध्ये टोपली घेऊन "त्सित्रून, त्सित्रून!" ओरडत लिंबं विकायची. गिऱ्हाइकं लिंबं घेण्याऐवजी गंमत म्हणून तिला दारू पाजायची. पुढे दारू सुटेना, १८९४ मध्ये तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. ती तिथे असतानाच शहरात तिच्या नावाचं नाटक लागलं, तिची भूमिका पुरुष नट करायचे. नाटक हाउसफुल्ल आणि बाई इस्पितळात. १९१६ मध्ये वारली. मिखाएल चर्चजवळ तिचा ब्राँझचा पुतळा आहे. तिचं बोट चोळलं की नशीब उघडतं म्हणतात, त्यामुळे बाकीची बाई काळपट आणि बोट तेवढं सोन्यासारखं लखलखीत.

खवट_खोबरं

आता कळलं मी का खवट आहे ते? जिवंतपणी दारू पाजली, मेल्यावर बोट चोळतात.

मालवणी_मिरी

@खवट +१. पुढच्या महिन्यात हॅम्बुर्गला येणार आहे, येट्टंबाईला भेटेन. बोट नाही चोळणार. जमलं तर एक लिंबू ठेवीन पायाशी.

नस्ती_उठाठेव

आणि हिरवी मिरची. दृष्ट काढल्यासारखं होईल, पोलीस येतील.

एल्बेकाठचा

धागा वर काढतोय. काल रविवारी मुलीला घेऊन राडेमाखरगांगला गेलो. मेट्रोच्या ग्येन्झंमार्क्ट स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. शहराचा एवढा लाडका माणूस, पण गल्लीत आम्ही दोघं आणि एक मांजर. थंडीमुळे कारंजं बंद. हॅट, जू, दोन बादल्या, सगळं काही होतं, पाणी तेवढं नव्हतं.

@कावडवाला, तुमच्यासाठी नीट पाहिलं. हात बादल्यांवरच आहेत आणि नजर सरळ पुढे.

मुलगी सहा वर्षांची, इथेच जन्मलेली, बालवाडीत हे सगळं आधीच शिकलेली. तिने खालून ओरडून बघितलं, "हुम्मेल हुम्मेल!" मग माझ्याकडे वळून वाट बघत उभी राहिली. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं, तरी आवाज हळूच निघाला. ती म्हणाली, "बाबा, असं नाही, चिडून म्हणायचं."

कावडवाला

फोटो टाका की राव. विशेषतः मानेमागच्या खोबणीचा.

हापूस_फ्रॉम_हॅम्बुर्ग

मार्चअखेर कारंजी सुरू होतात. तेव्हा कट्टा करू या का तिथे? येट्टंबाईपण चालण्याच्या अंतरावर आहेत. डॉक्टर येणार असतील तर काल्टहोफंही जोडू, पण केक मी आणणार नाही.

डॉक्टर_हवापालट

येतो. तारीख टाका. माझी बाटली घरूनच भरून आणीन.